एच. पायलोरीचा कोर्स: गोळ्या, प्रोबायोटिक आणि वनौषधी कोणत्या क्रमाने घ्यायच्या

एक मावशी आमच्या मेडिकलमध्ये आल्या आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडायला लागल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेला एच. पायलोरीचा चौदा दिवसांचा कोर्स, प्रोबायोटिकच्या कुप्या, कामदुधाची डबी, ज्येष्ठमधाची पूड आणि भाच्याने ऑनलाइन मागवून दिलेल्या लसणाच्या कॅप्सूल. "दादा, हे सगळं मी सकाळी चहाबरोबर एकदमच घेते. दिवसभर कटकट नको." पाचवा दिवस होता, जुलाब लागले होते आणि त्यांना कोर्स बंद करायचा होता.

त्या पिशवीतली बहुतेक प्रत्येक गोष्ट कधी ना कधी घेण्यासारखी होती. चुकली होती ती वेळ आणि क्रम. हीच चूक मी इतक्यांदा पाहतो की एकदा सगळं सविस्तर लिहून काढायचं ठरवलं.

कामाची वाटणी आधीच डोक्यात पक्की करा. एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतू. तो मारायचं काम प्रतिजैविकांचं, म्हणजे ॲन्टिबायोटिक्सचं. प्रोबायोटिकने, म्हणजे पोटाला उपयोगी अशा जिवंत जंतूंच्या औषधाने, त्या काळात आतडी सांभाळायची, म्हणजे कोर्स अर्धवट सुटत नाही. वनौषधींची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तीही मर्यादित. इटलीत एका छोट्या अभ्यासात २५ जणांना हळदीतलं कर्क्युमिन, जोडीला आणखी काही पूरक द्रव्यं आणि पित्ताची गोळी असं आठवडाभर दिलं, प्रतिजैविक मात्र दिलं नाही. त्रास बऱ्याच जणांचा कमी झाला, जंतू गेला तो फक्त ३ जणांचा. या आजारात फसगत होते ती इथेच. जळजळ थांबते आणि माणूस समजतो, बरा झालो.

हा लेख निदान झालेल्या प्रौढांसाठी आहे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मुलं, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेले यांनी यातलं काहीही आपल्या मनाने करू नये.

पायरी १: जंतू खरंच आहे का, ते आधी ठरवा

"मला पित्त आहे" म्हणजे एच. पायलोरी आहे असं नाही. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. त्यामुळे लक्षणांवरून अंदाज बांधून कोर्स सुरू करू नका.

भरवशाच्या तपासण्या तीन: श्वासाची युरिया चाचणी, शौचातली अँटिजेन चाचणी आणि एंडोस्कोपी करताना घेतलेल्या तुकड्याची चाचणी (रिपोर्टवर बहुतेक वेळा "आरयूटी" लिहिलेलं असतं). रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी स्वस्त पडते आणि पॅकेजमध्ये सहज घुसवलेली असते. पण जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहते. तेवढ्या एका कागदावर चौदा दिवसांची प्रतिजैविकं घेणं मला पटत नाही.

तपासणीआधी काय बंद करायचं, ते लॅबवाला दर वेळी सांगेलच असं नाही:

• ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल या गटातली पित्ताची गोळी: २ आठवडे आधी
• कोणतंही प्रतिजैविक आणि बिस्मथ (याच जंतूच्या कोर्समधलं एक औषध): ४ आठवडे आधी
• श्वासाच्या चाचणीसाठी उपाशी पोट: किती तास ते लॅबला विचारून घ्या

रोज सकाळी अनशापोटी पँटोप्रॅझोल घेणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. ती गोळी त्यांना औषध वाटतच नाही, त्यामुळे "काही गोळ्या चालू आहेत का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर येतं. गोळी चालू असताना जंतू दबलेला असतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

⚠ इशारा: हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, किंवा आधी अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल, तर पित्ताची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

⚠ लगेच डॉक्टर गाठा: डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, सतत उलट्या. घरात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. अशा वेळी बहुधा एंडोस्कोपीच लागते, प्रोबायोटिकचा विचार नंतर.

पायरी २: अख्खी पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा

प्रिस्क्रिप्शन लिहून घ्यायच्या आधी एका कागदावर घेत असलेलं सगळं उतरवा. बीपीची आणि शुगरची गोळी लोक सांगतात. राहून जातं ते असं: कॅल्शियम, लोह, झिंकवाली मल्टिव्हिटॅमिन, इसबगोल, रात्रीचा त्रिफळा, कामदुधा, सूतशेखर, शंखवटी, अविपत्तिकर, गुळवेलीचा काढा, कोरफडीचा रस.

यातल्या काहींवर थोडं थांबायला हवं.

कामदुधा आणि शंखवटीमध्ये शंख, कवडी, शिंपला यांची भस्मं असतात, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम. आम्ल कमी होतं ते त्यामुळेच. पण हेच कॅल्शियम टेट्रासायक्लीन, डॉक्सिसायक्लीन आणि लिव्होफ्लॉक्सासिन यांना पोटातच धरून ठेवतं. गोळी पोटात जाते, रक्तात पुरेशी उतरत नाही. सूतशेखर हा रसकल्प आहे आणि त्यात पारा असतो, त्यामुळे वैद्यांच्या देखरेखीशिवाय तो महिनोन्महिने घेत राहू नये. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर भरपूर असतं आणि ते पोट साफ करतं. प्रतिजैविकांनी आधीच पोट सैल झालेलं असताना वर ते घेतलं तर जुलाब आपण स्वतःच ओढवून घेतले.

डॉक्टरांना न चुकता सांगायच्या आणखी दोन गोष्टी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर, कारण बऱ्याच कोर्समध्ये अमॉक्सिसिलिन असतं. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर, कारण काही स्टॅटिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांचं जमत नाही, स्नायूंना इजा होऊ शकते.

✓ तपासा: आधी कधी घशाच्या, दातांच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन घेतलं होतं का? मेट्रोनिडॅझोल तर आपल्याकडे जुलाब झाले की कुणीही घेतं. जे आधी वापरलं त्याला जंतू सरावलेला असण्याची शक्यता जास्त, आणि डॉक्टर कोर्स त्यावरून बदलतात.

पायरी ३: चौदा दिवसांचं वेळापत्रक भिंतीवर लावा

कोणता कोर्स द्यायचा ते डॉक्टर ठरवतील. ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एकात पित्ताची गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदा. दुसऱ्यात पित्ताची गोळी दोनदा, आणि बिस्मथ, टेट्रासायक्लीन, मेट्रोनिडॅझोल दिवसातून तीन-चार वेळा. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू वाढल्यामुळे अलीकडे बिस्मथच्या कोर्सवर भर आहे. तयार किट घेतलं तर आत किती दिवसांच्या गोळ्या आहेत ते दुकानातच मोजा. सात दिवसांच्या गोळ्या घेऊन "कोर्स झाला" म्हणणारे कमी नाहीत.

बिस्मथचा कोर्स पाळायला जास्त अवघड, म्हणून त्याचाच दिवस मांडून दाखवतो:

सकाळी ७:०० – पित्ताची गोळी, फक्त पाण्याबरोबर
७:४५ – नाश्ता. पोहे, उपमा, भाकरी काहीही. दूध आणि दुधाचा चहा नको
८:०० – बिस्मथ, टेट्रासायक्लीन, मेट्रोनिडॅझोल
१०:४५ – चहा, ताक, प्रोबायोटिक
१:३० – जेवणानंतर दुसरा डोस
४:३० – चहा, दही, प्रोबायोटिक, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी
७:१५ – पित्ताची दुसरी गोळी
८:०० – जेवण, मग तिसरा डोस
१०:३० – डॉक्टरांनी चार वेळा सांगितलं असेल तर चौथा डोस, ग्लासभर पाण्याबरोबर

या तक्त्यात सगळ्यात जास्त भांडण होतं ते सकाळच्या चहावरून. पण पावणेअकराचा आणि साडेचारचा चहा मी मुद्दाम राखून ठेवलाय, कारण तो पूर्ण तोडायला सांगितला तर लोक तक्ताच फेकून देतात. कोरा चहा पावणेआठलाही चालेल.

एरवी टेट्रासायक्लीन उपाशी पोटी घ्यायला सांगतात, इथे मात्र ती जेवणानंतर दिली जाते. गोंधळून जाऊ नका. या आजारात जठरातच काम करून घ्यायचं असतं, आणि मेट्रोनिडॅझोलची मळमळही अन्नामुळे कमी होते. दुधाची बंदी मात्र राहतेच.

⚠ रात्रीची टेट्रासायक्लीन घेऊन लगेच आडवं होऊ नका. कोरड्या घशाने गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. ग्लासभर पाणी प्या आणि अर्धा तास बसून राहा.

⚠ मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना, आणि संपल्यावर तीन दिवस, दारू अजिबात नको. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध नको आणि आसवारिष्टंही नकोत. द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट आंबवूनच तयार होतात आणि त्यांत मद्यार्क असतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

काय झालं तर घाबरायचं नाही: तोंडाला धातूसारखी चव, बिस्मथमुळे काळी जीभ आणि काळी शौच, थोडी मळमळ. बिस्मथची शौच काळी असली तरी घट्ट, नेहमीसारखी असते. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल आणि जोडीला चक्कर येत असेल तर तो रक्तस्राव समजा. अंगावर पुरळ, ओठ किंवा डोळे सुजणं, दम लागणं, रक्ताचे जुलाब, हातापायाला मुंग्या: गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, पण दोन एकदम घेऊ नका. आणि सिगारेट या चौदा दिवसांत तरी बंद ठेवा, तिच्यामुळे कोर्स फसण्याचं प्रमाण वाढतं.

पायरी ४: प्रोबायोटिक पहिल्याच दिवसापासून, पण वेगळ्या वेळी

अनेक जण जुलाब लागल्यावर प्रोबायोटिक आणायला धावतात. खरं तर ते प्रतिजैविकाच्या पहिल्या दिवशीच सुरू करायला हवं आणि कोर्स संपल्यावर आणखी एक-दोन आठवडे चालू ठेवायला हवं. त्याचा पक्का फायदा एवढाच की जुलाब, पोटफुगी, मळमळ कमी होते. जंतू जाण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं काही अभ्यासांत दिसतं, पण त्याचं मोठं कारण मला साधं वाटतं: त्रास कमी, म्हणून गोळ्या पूर्ण घेतल्या जातात.

दुकानात "प्रोबायोटिक द्या" म्हणू नका. नाव घेऊन मागा.

सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे. प्रतिजैविकं जिवाणूंना मारतात, यीस्टला नाही. त्यामुळे हे कोर्सच्या काळात निर्धास्त चालतं, वेळ थोडी मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. प्रौढांना सहसा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. नायट्यासाठी किंवा अंगावरून पांढरं जाण्यासाठी फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची गोळी चालू असेल तर मात्र ती या यीस्टलाही मारते.

लॅक्टोबॅसिलस जातीचे, उदाहरणार्थ ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा रुटेरी, हे जिवाणू आहेत. प्रतिजैविकाबरोबर गिळले तर वाटेतच मरतात. किमान दोन तासांचं अंतर हवं. वरच्या तक्त्यातली पावणेअकराची आणि साडेचारची जागा त्यासाठीच आहे.

बॅसिलस क्लॉसी म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या कुपीतलं पाण्यासारखं औषध. यात बीजाणू असतात, ते बऱ्यापैकी चिवट. तरीही तेही दोन डोसच्या मध्येच घ्या. गरम चहात किंवा दुधात ओतू नका.

✓ पाकिटावर तपासा: जातीचं पूर्ण नाव आहे का, जिवाणूंची संख्या लिहिली आहे का, एक्स्पायरी कधी, फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर. नुसतं "१२ प्रकारचे उपयुक्त जिवाणू" लिहिलेल्या पाकिटावर माझा विश्वास नाही.

घरच्या दह्याचं काय? खा, मजेत खा, पण दुधाचं अंतर पाळून. विरजणात कोणते जिवाणू किती आहेत ते घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं, त्यामुळे दह्याची वाटी ही औषधाची मात्रा धरता येत नाही.

⚠ केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, मोठ्या शिरेत नळी बसवलेले रुग्ण: त्यांना बोलार्डी किंवा दुसरं कुठलंही जिवंत प्रोबायोटिक डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. यीस्ट रक्तात शिरण्याचा धोका असतो.

पायरी ५: वनौषधींचे अर्क कपाटात ठेवा

भाजीतली हळद, फोडणीतला लसूण, आलं, जिरं, कोथिंबीर चालू द्या. बंद करायचे ते अर्क, कॅप्सूल, काढे आणि चूर्णं. कारण सरळ आहे. त्या चौदा दिवसांत अंगावर पुरळ उठलं किंवा लिव्हरचे आकडे वाढले तर दोष कुणाचा, ते कळायला हवं. पाच नव्या गोष्टी एकदम सुरू असल्या की डॉक्टर सगळंच थांबवतात, त्यात कोर्सही बुडतो.

आता एकेकीची खरी योग्यता.

ज्येष्ठमध: जठराच्या अस्तराला आराम देतं, हे बऱ्याच जणांना जाणवतं. पण त्यातलं ग्लिसरायझिन बीपी वाढवतं, अंगावर सूज आणतं आणि पोटॅशियम उतरवतं. बीपी, हृदय, किडनी, लघवी वाढवणारी गोळी, डिगॉक्सिन, गर्भारपण: यापैकी काहीही असेल तर नको. घ्यायचंच तर ग्लिसरायझिन काढून टाकलेला अर्क घ्या, तोही दोन-चार आठवड्यांपुरता. बाजारातली साधी पूड म्हणजे तो अर्क नव्हे.

लसूण: प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू मरतो. माणसाच्या पोटात मात्र नाही. जंतू असलेल्या लोकांना ताज्या लसणाच्या दहा पाकळ्या खायला घालून श्वासाची चाचणी केली, आकडा हलला नाही. जळजळ वाढवणारी ही हौस सोडून द्या. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल मुळीच नकोत.

हळदीचा अर्क: इटलीचा निकाल वर सांगितलाच. कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपेरीन मिसळलेलं असेल तर ते इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. पित्ताशयात खडे असतील तर टाळा.

ब्रोकोलीचे कोंब: जपानमध्ये रोज ७० ग्रॅम, आठ आठवडे खाऊन जंतूचा जोर कमी झाला. थांबवल्यावर दोन महिन्यांत पुन्हा होता तिथे. जंतू दबला, मेला नाही. पायरी ६ साठी हे लक्षात ठेवा.

रुमी मस्तकी: ग्रीसच्या खिओस बेटावरचा डिंक, युनानीवाल्यांकडे पूर्वीपासून मिळतो, आता ऑनलाइन चढ्या भावात. छोट्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. कलौंजीचंही असंच, एका छोट्या अभ्यासात ओमेप्रॅझोलबरोबर चांगला परिणाम दिसला, पण तेवढ्यावर कोर्स टाळण्याचं धाडस करू नये.

गुळवेल: २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. त्यावर वाद झाला, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते असंही म्हटलं गेलं. गल्लत असो नसो, कोर्सच्या काळात नकोच.

मग वनौषधी घ्यायच्या कधी? माझं उत्तर: पुन्हा केलेली तपासणी निगेटिव्ह आल्यावर. तरीही जळजळ, जडपणा उरला असेल तर एका वेळी एकच, चार आठवडे, आणि वैद्यांना किंवा डॉक्टरांना सांगून. पहिली चालली नाही तर ती थांबवून दुसरी. दोन्ही एकत्र नकोत.

पायरी ६: बरं वाटलं तरी पुन्हा तपासणी

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. कोर्स संपल्यानंतर किमान ४ आठवडे थांबा आणि त्यातले शेवटचे २ आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवा. चाचणी श्वासाची किंवा शौचाची, रक्ताची नाही.

तारखा मांडून पाहा. कोर्स १० जूनला संपला, तर ८ जुलैच्या आधी चाचणी नको. पित्ताची गोळी २४ जूनपासून बंद. याच २४ जूनच्या आत प्रोबायोटिकही संपवा, आणि मस्तकी, कोंब, ज्येष्ठमध यातलं काहीही नको. ब्रोकोलीच्या कोंबांनी जंतू दबतो हे आपण पाहिलं. दबलेला जंतू रिपोर्टमध्ये सापडला नाही तर तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि तो पुन्हा डोकं वर काढेल.

त्या दोन आठवड्यांत जळजळ झालीच तर अँटासिड जेल चालतं. रात्रीचं जेवण लवकर, झोपताना उशी उंच, मिसळ आणि वडापाव तेवढे दिवस लांब. फॅमोटिडिन घ्यायचं असेल तर चाचणीच्या किती आधी थांबवायचं ते विचारून घ्या.

✓ चाचणीच्या सकाळी: मागच्या चार आठवड्यांत सर्दी-खोकल्यासाठी कुणी प्रतिजैविक दिलं होतं का? दिलं असेल तर तारीख पुढे ढकला.

पायरी ७: पुन्हा पॉझिटिव्ह आली तर

तोच कोर्स पुन्हा घेऊ नका आणि जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून आमच्याकडून तीच गोळ्यांची पाकिटंही मागू नका. ज्या क्लॅरिथ्रोमायसिनने एकदा काम केलं नाही, ते दुसऱ्यांदा करण्याची आशा फार कमी. लिव्होफ्लॉक्सासिन किंवा रिफाब्युटिन असलेले पुढचे कोर्स पोटाच्या डॉक्टरांनीच ठरवावेत. ही औषधं क्षयाच्या जंतूवरही चालतात, त्यामुळे खोकला, बारीक ताप, वजन उतरणं असं काही असेल तर आधी क्षयाची शंका दूर करावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना प्रामाणिक हिशेब न्या: किती डोस राहिले, कोणत्या दिवशी उलटी झाली, चहाबरोबर गोळ्या घेतल्या का. त्या मावशींचे पहिले पाच दिवस तसेच गेले होते. त्यांनी डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं, आणि पुढे काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं तोवर फेकू नका. नाव आठवत नाही, "पांढरी लांबट गोळी होती" एवढंच आठवतं, आणि त्यावरून पुढचा कोर्स ठरवता येत नाही.